ड्रेन बोल्टपाशी होणारी ऑइलगळती
ऑइल बदलल्यानंतर मोटारसायकलच्या ड्रेन बोल्टच्या (जुने ऑइल काढण्यासाठी इंजिनाच्या तळाशी असलेल्या बोल्टच्या) कडेला काळसर थेंब साचू लागला, तरी बोल्ट आणखी आवळण्याचा मोह मी टाळला. कारण इंजिनाचे खालचे आवरण अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि पोलादी बोल्ट जास्त आवळल्यास त्या आवरणातले आटे सहज उडतात. ऑइल काढून पाहिले, तेव्हा बोल्टचा तांब्याचा वॉशर दबून चपटा झाला होता आणि त्यावर कडेचा खोल वळ उमटला होता. असा वॉशर पुन्हा वापरला की बारीक फट राहते आणि गरम होऊन पातळ झालेले ऑइल तिथून झिरपते. बसण्याची जागा स्वच्छ पुसून नवा वॉशर घातला, बोल्ट आधी हाताने फिरवला आणि मग टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेतील मापापर्यंत आवळला. गॅरेजवाले सुचवतात तो सीलंट (फट बुजवणारा चिकट लेप) मला पटत नाही, कारण त्याचे सुटलेले तुकडे ऑइलच्या जाळीत अडकू शकतात. गाडी फिरवून आणल्यावर बोल्टखाली धरलेला कागद कोरडा राहिला.