रॉकेट इंजिनाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करायचं ठरलं की निम्म्या लोकांचं बोट एकाच चित्रावर जातं: स्टीफन्सन कंपनीचं 'रॉकेट'. पिवळं अंग, उंच पांढरं धुराडं, पुढे मोठं चाक, मागे छोटं. शाळेच्या प्रदर्शनापासून इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपर्यंत ते सगळीकडे दिसतं. काम बहुतेकदा सुबक असतं, पण इंजिन मात्र असं झालेलं असतं की तसं ते कोणत्याही वर्षी रुळावर नव्हतं.

आधी साल ठरवा

सगळ्यात मोठी चूक हीच. रॉकेटने लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेची रेनहिलची चाचणी, म्हणजे इंजिनांची स्पर्धा, जिंकली ऑक्टोबर १८२९ मध्ये. पुढच्या दीड-दोन वर्षांतच त्याची इतकी तोडफोड आणि जोडाजोड झाली की जुन्या चित्रावरून ते ओळखू येऊ नये. १८३६ मध्ये ते कंबरलँडमधल्या एका कोळसा रेल्वेला विकलं गेलं, तिथेही राबलं, आणि १८६२ मध्ये लंडनच्या पेटंट म्युझियमकडे आलं. सायन्स म्युझियमच्या संग्रहातलं काळवंडलेलं रॉकेट म्हणजे या सगळ्या फेरफारांनंतर उरलेला सांगाडा आहे. मूळ तांब्याचा फायरबॉक्स (आगीची पेटी) तर केव्हाच गेलेला.

लोक करतात काय, तर रंग आणि धुराडं १८२९ च्या चित्रातून घेतात आणि सिलिंडरची मापं संग्रहालयातल्या फोटोवरून. मग दोन वेगळी इंजिनं एका चौकटीत कोंबली जातात. कागदाच्या कोपऱ्यात आधी साल लिहा. १८२९ हवं असेल तर संग्रहालयातला फोटो फक्त चाकं आणि बॉयलरच्या पत्र्यासाठी पाहा.

हीच गत प्रतिकृतींची. १९७९ मध्ये रेनहिलच्या दीडशेव्या वर्षानिमित्त चालू स्थितीतली प्रतिकृती बांधली गेली. तिचं धुराडं मूळापेक्षा आखूड आहे, कारण रेनहिलच्या पुलाखालून ती जायला हवी होती. नेटवरचे रंगीत फोटो बहुतेक हिचेच. त्यावरून उंची मोजली की मॉडेल बुटकं होणारच.

सिलिंडरचा उतार

१८२९ मध्ये सिलिंडर मागच्या बाजूला, उंचावर, सुमारे ३५ ते ३८ अंशांच्या उतारावर बसवलेले होते. नव्याने बांधणी झाल्यावर ते जवळजवळ आडवे, सुमारे ८ अंशांवर आले. मॉडेलवाले मधला कुठलातरी कोन घेतात, कारण 'दिसायला बरं वाटतं'.

उतार का बदलला हे कळलं की चूक होत नाही. इंजिन स्प्रिंगवर असलंच पाहिजे, अशी रेनहिलची अट होती. आता सिलिंडर तिरका असेल तर दट्ट्याच्या (पिस्टनच्या) प्रत्येक झटक्यातला काही भाग चाक फिरवण्याऐवजी इंजिनाचं अंग वर-खाली ढकलण्यात जातो. दोन्ही बाजूंचे दट्ट्ये वेगवेगळ्या वेळी झटका देतात, त्यामुळे वेग वाढला की इंजिन डावी-उजवीकडे डुलायला लागतं. रेनहिललाच उतरलेल्या टिमथी हॅकवर्थच्या 'साँ पारेल' इंजिनाचे सिलिंडर तर सरळ उभेच होते, तेव्हा त्याची कल्पनाच केलेली बरी. आडव्या सिलिंडरचा जोर रुळाच्या दिशेने जातो आणि स्प्रिंगांना उगाच त्रास होत नाही. तुमचं चालतं मॉडेल वेगात झुलत असेल, तर रुळांना दोष देण्याआधी हा कोन आणि दोन्ही क्रँकमधलं (दट्ट्याची ये-जा चाकाच्या फिरण्यात बदलणाऱ्या भागांमधलं) ९० अंशांचं अंतर तपासा.

धुराड्याखालचा डबा

१८२९ च्या रॉकेटला स्मोकबॉक्स, म्हणजे धुराड्याखालचा धूर-राखेचा डबा, नव्हता. धुराड्याचंच बूड रुंद करून बॉयलरच्या तोंडाला जोडलेलं होतं. नळ्यांतून उडून येणारी राख आणि जळके कण तिथे साठायचे, आणि नळ्या साफ करायला नीट वाटही नसायची. स्टीफन्सन कंपनीच्याच १८३० च्या 'नॉर्थम्ब्रियन' इंजिनाला स्मोकबॉक्स आला, तो उपयोगी ठरला, आणि मग रॉकेटलाही पिंपासारखा स्मोकबॉक्स बसवून धुराडं आखूड केलं गेलं. तेव्हा उंच धुराडं आणि स्मोकबॉक्स दोन्ही एकत्र दाखवलंत, तर जाणकार तिथेच थांबून हसणार.

त्याच वर्षीच्या 'प्लॅनेट'ने सिलिंडर आडवे करून पुढे, स्मोकबॉक्सखाली आत नेले. वर्षभरात रॉकेट जुनाट झालं! प्लॅनेटच्या वाकड्या क्रँक-आसाची मोडतोड ही मात्र नवी डोकेदुखी होती, म्हणून पुढे 'पेटंटी' या इंजिनाला तिसरा आस दिला गेला. मॉडेलसाठी प्लॅनेट निवडत असाल तर क्रँक-आस एकसंध धातूतून कातून घ्या. तुकडे डाग देऊन जोडलेला आस जोराने सुटू शकतो.

चाकांबद्दल दोनच गोष्टी. मोठी चाकं लाकडी होती, वर लोखंडी धाव, त्यामुळे बारीक ओतीव आरे दाखवू नका. आणि या चाकाचा व्यास ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे पुढे स्टँडर्ड गेज (दोन रुळांमधलं अंतर) म्हणून रूढ झालेल्या मापाइतकाच. या योगायोगामुळे आराखड्यातला आकडा नेमका कशाचा, यात गल्लत होते.

वाफ पुरत नाही?

चालत्या मॉडेलची ही कायमची तक्रार. रॉकेटचं खरं बळ बॉयलरमध्ये होतं: सहा फूट लांब पिंप आणि त्यातून आरपार जाणाऱ्या ३ इंच व्यासाच्या २५ तांब्याच्या नळ्या. गुणाकार करून पाहा, नळ्यांचंच तापणारं क्षेत्र सुमारे ११७ चौरस फूट भरतं. फायरबॉक्सचं आणखी सुमारे २०. आधीच्या इंजिनांत एक-दोन जाड नळकांडी असायची, त्यांना हे जमणारं नव्हतं.

मग लोक १:८ च्या मॉडेलमध्येही हट्टाने २५ नळ्या घालतात. इथे भूमिती आडवी येते. लांबी आठपट कमी झाली की क्षेत्र ६४ पट आणि आतलं पाणी ५१२ पट कमी होतं. पाण्याच्या मानाने तापणारं क्षेत्र वाढतं हे खरं, पण बाहेरून थंड होणारं अंगही त्याच हिशेबाने वाढतं. शिवाय बारीक नळ्यांतून गरम वायू ओढले जात नाहीत आणि काजळीने त्या लवकर तुंबतात. उपाय सोपा आहे: आत नळ्या कमी आणि थोड्या मोठ्या घ्या, बाहेरून बॉयलरला उष्णतारोधक वेष्टन द्या, त्यावर पत्रा. आतल्या नळ्या कोणी मोजायला येत नाही.

दुसरा संशयित म्हणजे ब्लास्टपाइप. वापरून झालेली वाफ धुराड्यात वर सोडली की ती हवा ओढते आणि आग फुलते, फुंकणीने चूल फुलावी तशी. नळीचं तोंड धुराड्याच्या बरोबर मध्यरेषेत हवं. एक-दोन मिलिमीटर सरकलं तरी ओढ अर्धवट होते. तोंड फार रुंद ठेवलं तर आग मरते. फार अरुंद केलं तर वाफ उलटी दट्ट्यावर अडते आणि जळण न जळताच वर उडतं. साँ पारेल असंच कोक (भाजून धूर काढून टाकलेला कोळसा) उधळत पळालं होतं.

कोकवरून आठवलं. चित्रात आणि मॉडेलमध्ये रॉकेटच्या धुराड्यातून काळा धूर काढू नका. इंजिनाने स्वतःचा धूर स्वतःच जाळावा, ही रेनहिलची अटच होती. म्हणून जळण कोकचं होतं, कच्च्या कोळशाचं नव्हे.

माहितीफलकावरच्या चुका

'पहिलं वाफेचं इंजिन' असं लिहू नका. ट्रेव्हिथिकचं इंजिन १८०४ मध्ये वेल्समध्ये रुळावर धावलं होतं आणि 'लोकोमोशन' १८२५ मध्ये. सगळं श्रेय जॉर्ज स्टीफन्सनला देणंही बरोबर नाही. न्यूकॅसलच्या कारखान्यात काम मुख्यतः मुलगा रॉबर्ट पाहत होता, आणि अनेक नळ्यांची सूचना रेल्वेचे सचिव हेन्री बूथ यांची.

आपल्याकडे आणखी एक घोळ हमखास होतो. १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर ते ठाणे गाडीच्या माहितीशेजारी 'फेअरी क्वीन'चा फोटो. फेअरी क्वीन १८५५ ची, लीड्सची, आणि ती हावड्याकडच्या ईस्ट इंडियन रेल्वेची. ठाण्याशी तिचा संबंध नाही. ठाण्याची गाडी ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) इंजिनं आली न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीतून. तो कारखाना त्याच लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गालगतचा, आणि सुरुवातीच्या काळात रॉबर्ट स्टीफन्सन त्यात भागीदार होता. फलकावर ही साखळी लिहिलीत तर शोभेल.

बॉयलरची चाचणी

इथे हयगय नको. नुसतं दाखवायचं मॉडेल असेल तर बॉयलर पोकळ ठेवा आणि चाकं कमी दाबाच्या हवेवर फिरवा. वाफेवरचं असेल तर जोड चांदीच्या डागाचेच हवेत. नेहमीचं कथील तापल्यावर मऊ पडतं. पहिली चाचणी हवेने करू नका. दाबलेली हवा फुटली तर तुकडे उडतात. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरा, आत हवेचा बुडबुडाही राहू देऊ नका, आणि हातपंपाने हळूहळू दाब चढवा. रेनहिलच्या अटींत कामाचा दाब ५० पौंड प्रति चौरस इंच होता, आणि कंपनीला १५० पर्यंत पाण्याने तपासणी करायची मुभा होती. खुद्द रॉकेटच्या बॉयलरचं सपाट तोंड कारखान्यातल्या चाचणीत ७० पौंडांवरच फुगायला लागलं होतं. तेव्हा आत आडवे ताण-दांडे घालून ते घट्ट केलं. तुमच्या बॉयलरचीही दोन्ही सपाट टोकं आधी पाहा, त्यावर सरळ पट्टी धरा, दाब वाढवताना पट्टीखाली फट दिसली की पंप थांबवा आणि दाब उतरवून दांडे वाढवा.