‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’मधला रियुझो : सूड घ्यायला निघताना या चुका टाळा

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ म्हणजे त्सुशिमा या जपानी बेटावरच्या मंगोल स्वारीचा व्हिडिओ गेम. त्यात तुम्ही जिन नावाचा सामुराई असता, आणि रियुझो हा मंगोलांच्या खानाला फितूर झालेला त्याचा मित्र. आधीच सांगतो, गोष्ट पूर्ण फोडणार आहे. गेम संपला नसेल तर संपवून या, हा लेख कुठे जात नाही.

परवा रात्री साडेअकराला लालबागहून भाच्याचा फोन. “मामा, रियुझोला जिवंत सोडायचं ऑप्शनच येत नाहीये. माझी फाईल करप्ट झालीय का?” पठ्ठ्याने सेव्ह तीनदा परत लोड केली होती, सेटिंग उलटीसुलटी करून पाहिली होती. फाईल ठणठणीत होती. ते ऑप्शन गेममध्ये नाहीच. शिमुरा किल्ल्यात रियुझो समोर आला की द्वंद्व होणार आणि तो जिनच्या हातून मरणार, तुम्ही काहीही दाबा. त्यामुळे पहिली चूक हीच, नसलेलं बटण शोधत बसणं.

ते बटण का नाही, हे कळायला तलवारी निघायच्या आधीचा संवाद ऐकावा लागतो. बरेच जण तो स्किप करतात. खानाच्या बाजूने लढून झाल्यावर, किल्ल्यातल्या लोकांनी शरण यावं म्हणून एका कैद्याला जिवंत जाळून झाल्यावर, रियुझो जिनला म्हणतो, सगळ्यांना सांग की मी तुझा हेर होतो. नीट ऐका, तो माफी मागतच नाही. जिनने आपल्यासाठी खोटं बोलावं, एवढंच त्याला हवंय. जिन म्हणतो, शरण ये, केल्याची शिक्षा भोग. ते रियुझोला नको असतं. जी माफी कोणी मागितलीच नाही, ती द्यायचं बटण गेम बनवणाऱ्यांनी ठेवलं नाही. मला ते पटतं. भाच्याला अजून पटलेलं नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती पहिल्या अंकात होते आणि तिचा फटका बसतो दुसऱ्याच्या शेवटी. पहिल्या अंकात गवती टोपीवाल्या रोनिनांची (बिनमालकाचे सामुराई, रियुझो त्यांचा म्होरक्या) कामं लोक भराभर उरकतात. ‘अन्न शोधा’ म्हटलं की सगळ्यांना कंटाळा येतो. पण रियुझोची फितुरी तिथेच शिजते. त्याची माणसं उपाशी आहेत. लहानपणीच्या मित्राने, म्हणजे जिनने, एका स्पर्धेत चारचौघांत त्याला हरवलं, आणि सामुराई म्हणून कोणाच्या पदरी राहायची संधी गेली. ही जुनी सल वेगळीच. कानेदा किल्ल्यावर खान जिनच्या बदल्यात अन्न देऊ करतो आणि रियुझो फिरतो. भूक आणि अपमान, दोन्ही एकाच पोटात.

गेल्या रविवारी लालबागला गेलो तेव्हा भाचा नेमका हाच भाग दुसऱ्यांदा खेळत होता. आई कॉटवर लसूण सोलत बसली होती. जपानी तिला कळत नाही, इंग्रजी सबटायटल ती वाचत नाही, म्हणून मी सांगत होतो, हा मित्र होता, हा फितूर झाला, माणसांना खायला नव्हतं म्हणून. तिचा हात थांबला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा साचाखात्यात होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. “आपल्या मजल्यावरचा एक जण आठव्या महिन्यात कामावर गेला,” आई म्हणाली. “नळावर त्याच्या बायकोशी कोणी बोलत नव्हतं. मी पण नाही. पोरं उपाशी होती त्यांची.” आणि मग परत लसणाकडे वळून, “आपली पण होतीच की.”

भाचा पॉज करून बसला होता. मला वाटतं, रियुझो त्याला त्या दिवशी कळला, माझ्या तीन फोनांनी कळला नव्हता.

आता हाताची चूक. रागाच्या भरात लोक द्वंद्वात वाराचं चौकोनी बटण बडवत सुटतात. द्वंद्वात कुनाई (फेकायचे सुरे) नाही, धुराचे बॉम्ब नाहीत, पळायलाही जागा नाही. रियुझो तलवारवाला आहे, तेव्हा स्टोन स्टान्स, म्हणजे तलवारवाल्यांसाठीचा पवित्रा, लावा. निळी चमक दिसली तर ऐन क्षणी पॅरी (वार परतवा), लाल दिसली तर बाजूला सरका, लाल वार अडत नाही. रिझॉल्व्हचे पिवळे ठिपके सगळे हल्ल्यात उडवू नका, जखम भरायला तेच लागतात.

इकी बेटाची चूक वेगळी. दुसऱ्या अंकात तिकडची वाट उघडते आणि नवं बेट म्हणून सगळे लगेच धावतात. (2020 च्या मूळ आवृत्तीत इकी नाही. ते 2021 च्या डिरेक्टर्स कटमध्ये आलं, 2024 च्या पीसी आवृत्तीत आहेच.) थांबा. आधी रियुझोचा निकाल लागू द्या. इकीवर जिनच्या वडिलांना मारणारा तेन्झो भेटतो, तोही आधी सोबती म्हणून. त्याला जिन मारत नाही. ज्याच्या हातून मित्र मेला तोच हात बापाच्या मारेकऱ्यासमोर थांबतो, हे त्याच क्रमाने पाहिलं तरच टोचतं. शिवाय बाप मरताना लहानगा जिन लपून बसला होता, तो हिशेब तेन्झोशी नाही, स्वतःशी आहे.

एक किरकोळ गोष्ट, याला इतिहास समजून भांडू नका. 1274 ची मंगोल स्वारी खरी, खोतुन खान काल्पनिक. आणि जिन रचतो ते हायकू त्या काळाच्या बऱ्याच पुढचे.

राहिला शेवट. जिनचा मामा शिमुरा, त्याला शोगुनचा (जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा) हुकूम आहे जिनला मारायचा. इथे मात्र खरंच दोन पर्याय येतात, आणि लोक डोळे मिटून ‘सोडा’ दाबतात, कारण आपल्याला वाटतं माफ करणारा तो चांगला. पण हरलेला शिमुरा स्वतः वीराचं मरण मागतोय. त्याच्या लेखी मारणं हा मान आहे आणि सोडून देणं ही त्याच्या सगळ्या जगण्याला दिलेली पाठ. मी पहिल्यांदा सोडलं, दुसऱ्यांदा मारलं, आणि दोन्ही वेळा झोप लागली नाही. म्हणून ‘लॉर्ड शिमुरा’ची शेवटची कथा हातात घ्यायच्या आधी मेनूत जाऊन वेगळी मॅन्युअल सेव्ह करून ठेवा. ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नका.

भाच्याने ती सेव्ह केली आहे. कथा अजून सुरू केलेली नाही, तो बेटावर कोल्ह्यांच्या मागे फिरतोय.