घरी बनवलेल्या ॲव्हरेज-मीटरचे आकडे खरे कसे करावेत

आर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर) बनवलेलं ॲव्हरेज-मीटर दोनच गोष्टी मोजतं: स्पीड सेन्सरचे पल्स, म्हणजे चाक फिरताना येणारे विजेचे ठोके, आणि इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा व्हॉल्व्ह, किती वेळ उघडा राहिला ते. पल्सवरून किलोमीटर निघतात, वेळेवरून लिटर. आधी अंतर जुळवा, पेट्रोलला नंतरच हात लावा. दोन्हीकडे फरक असेल तर एक चूक दुसरीला झाकते आणि ॲव्हरेज योगायोगाने बरोबर दिसतं.

सुरुवात टायरपासून. टायर गार असताना हवा कंपनीने सांगितलेल्या प्रेशरला आणा. मग हायवेवर किलोमीटरच्या दगडांवरून निदान 20 किलोमीटर जा. रीडिंग शेजारी बसलेल्याने घ्यावं, गाडी चालवणाऱ्याने नाही. बऱ्याच जपानी बनावटीच्या गाड्यांत किलोमीटरला 2548 पल्स येतात, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. मीटरने 20 ऐवजी 19.2 दाखवले, तर 2548 ला 19.2 ने गुणा, 20 ने भागा. नवा आकडा 2446.

आता पेट्रोल. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून घाई नको. सपाट जागेवर टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की थांबा. "राउंड फिगर करू का?" असं पंपावर विचारतातच, ठामपणे नाही म्हणा, कारण त्या वरच्या थेंबांनीच हिशेब बिघडतो. मीटरचा लिटरचा हिशेब शून्यावर आणा. टाकी बऱ्यापैकी रिकामी होईपर्यंत गाडी चालवा आणि त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. समजा मीटर म्हणतं 23.4 लिटर आणि पंपाने दिलं 25.2. लिटरमागे इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो तो सेटिंगमधला आकडा 23.4 ने गुणून 25.2 ने भागा. एका टाकीवर विसंबू नका, दोन-तीन टाक्यांची सरासरी धरा.

एवढं करूनही हायवेला हिशेब जुळतो आणि शहरात मीटर जास्त पेट्रोल दाखवतं, असं होऊ शकतं. इंजेक्टरला करंट मिळाला तरी तो लगेच उघडत नाही, साधारण मिलिसेकंदभर जातो. तेवढ्यात पेट्रोल पडत नसतं, पण मीटर तो वेळ मोजत असतं. ट्रॅफिकमध्ये इंजेक्टर दर वेळी थोडाच वेळ उघडत असल्याने ही चूक तिथे ठळक दिसते. अशा वेळी सेटिंगमधला इंजेक्टर डिले, म्हणजे दर उघडण्यामागे मीटर वजा करतं तो वेळ, थोडा वाढवा; शहरात कमी दाखवत असेल तर घटवा. डिले बदलला की लिटरचा आकडा मात्र नव्याने काढावा लागतो.

ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर ॲव्हरेज थोडं घटलेलं दिसलं, तर मीटरचे आकडे बदलू नका. ती घट खरीच असते. वेगळ्या मापाचे टायर बसवले तर अंतर, आणि इंजेक्टर बदलले किंवा साफ केले तर पेट्रोल, एवढंच पुन्हा जुळवा.