नवी हार्ड डिस्क लावताना त्या एका खिडकीपाशी थांबा

गणपती झाले, सगळ्यांचे मोबाइल कॉम्प्युटरवर रिकामे झाले आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, की नात्यागोत्यातून मला फोन यायला लागतात. आजवर वीसेक घरांत तरी मी जादा हार्ड डिस्क लावून दिली आहे. त्यातल्या निम्म्या ठिकाणी कुणीतरी आधीच काहीतरी 'सल्ला' देऊन ठेवलेला असतो आणि तो निस्तरण्यातच माझा रविवार जातो. म्हणून हे एकदाचं लिहून काढतो.

हे विंडोजच्या डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉप असेल तर यूएसबीची एक्स्टर्नल डिस्क घ्या, जोडणीचा भाग सोडून द्या आणि पुढे वाचा.

काय घ्यायचं

तुमचं विंडोजच अजून फिरत्या डिस्कवर असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी एक एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवरची डिस्क) घ्या. मशीन सुसाट होईल ते त्यानेच. फोटो, व्हिडिओ, स्कॅन केलेली कागदपत्रं साठवायला मात्र साधी साडेतीन इंची हार्ड डिस्क अजूनही परवडते. आज लागतेय त्याच्या दुप्पट जागेची घ्या. त्याहून मोठी घेऊन रिकामी फिरवत ठेवण्यात अर्थ नाही.

दुकानदार आरपीएम सांगतो, कॅश सांगतो, पण एक गोष्ट सांगत नाही: डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाच्या रेघा शेजारी शेजारी, सुट्या असतात. एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची चार हलवावी लागतात, तसंच इथेही होतं. एकदा भरून ठेवायच्या फोटोंना त्याने काही बिघडत नाही. रोज व्हिडिओ एडिटिंग करणार असाल किंवा चार डिस्क जोडून रेड (सगळ्या मिळून एकच डिस्क म्हणून चालवणं) करणार असाल, तर एसएमआर घेऊ नका. सलग लिहायला लागलं की तिचा वेग पार बसतो. २०२० साली यावरून जगभर बोभाटा झाला आणि त्यानंतर कंपन्यांनी कुठल्या मॉडेलमध्ये काय आहे याच्या याद्या जाहीर केल्या. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर मॉडेल नंबर तपासायला दोन मिनिटं लागतात.

आणि हो, ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते, १ टीबीची ९३१ जीबी. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. यात कुणी फसवलेलं नाही. यावरून कृपया मला फोन करू नका.

कुठून घ्यायची

ऑनलाइन घ्या किंवा ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर चालत जा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगा. पैसे देण्याआधी पिशवीवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर घालून वॉरंटी दिसते का ते बघा. खोका नसलेला, मोठ्या लॉटमधला सुटा माल असेल तर तिथे 'वॉरंटी नाही' असं येऊ शकतं. मग स्वस्तात मिळाली याला काय अर्थ? बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

काही शे रुपयांत मिळणाऱ्या '१६ टीबी' पोर्टेबल ड्राइव्हबद्दल एकच वाक्य: आत छोटं मेमरी कार्ड असतं, ते कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतं आणि खरी जागा भरली की पुढच्या फाइल्स वाया जातात.

परतताना डिस्क लोकलच्या रॅकवर टाकू नका, मांडीवर ठेवा. पावसाळ्यात एसी दुकानातून आणलेली डिस्क घरी आल्या आल्या पिशवीतून काढू नका. गार धातूवर दमट हवेचं पाणी धरतं. तासभर पडू दे तशीच.

जोडणी

मेन स्विच बंद, जाड आट्यांचे चार स्क्रू, एक डेटा केबल, एक पॉवर केबल. झालं.

दोनच इशारे. पॉवर सप्लायच्या सुट्या केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला लावू नका. खाच बसते, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जागच्या जागी जळते. दुसरं म्हणजे जुन्या चार पिनच्या मोलेक्स प्लगवरून साटा, म्हणजे हल्लीच्या डिस्कचा प्लग, करणारं स्वस्त अडॅप्टर वापरू नका. ओतीव प्लास्टिकच्या अडॅप्टरमध्ये तारा एकमेकींना टेकून आग लागल्याचे प्रकार झाले आहेत.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) डिस्क दिसतच नसेल तर पोर्ट बदलून बघा. बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी चपटी एसएसडी) लावली की एखाद-दुसरा साटा पोर्ट आपोआप बंद पडतो.

आता खरं काम

विंडोज सुरू झालं, 'धिस पीसी' उघडलं आणि नवी डिस्क दिसली नाही. इथे निम्मी माणसं डिस्क खराब म्हणून परत करायला निघतात. डिस्क चांगली आहे. तिच्यावर अजून काही आखलेलं नाही, एवढंच. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. लगेच एक छोटी खिडकी येईल, 'इनिशिअलाइझ डिस्क'. तिच्यात दोन पर्याय असतात, एमबीआर आणि जीपीटी. डिस्कवरच्या जागेच्या आखणीचा तक्ता लिहायच्या या दोन पद्धती.

जीपीटी निवडा. मशीन कितीही जुनं असो, डिस्क कितीही टीबीची असो, जीपीटीच.

इतकं ठासून सांगतोय कारण या खिडकीने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. विंडोज ७ चे दिवस होते. पहिल्यांदाच ४ टीबीची डिस्क आणली होती. एका जाणत्या माणसाने सांगितलं, "तुझा बायोस जुना आहे, जीपीटी चालणार नाही, एमबीआर कर, ते सगळीकडे चालतं." केलं. पहिलं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, केलं आणि हौसेने भरायला लागलो. आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम स्कॅन केलेला, भाच्याच्या बारशाचं शूटिंग, जुन्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी. महिनाभराने लक्षात आलं की २०४८ जीबीच्या पुढची १६७७ जीबी जागा काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' म्हणून पडून आहे. उजवी क्लिक केली, तर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' फिकट. काही केल्या दाबलं जाईना.

डिस्क सोडवली, पिशवीत घातली आणि तडक लॅमिंग्टन रोडला भांडायला गेलो. काउंटरवरच्या पोराने डिस्क त्याच्या मशीनला लावली, स्क्रीनकडे एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाला, "काका, डिस्क पूर्ण आहे. तुम्ही एमबीआर केलीय." मागे रांगेत चार गिऱ्हाइकं. मी तेव्हा काका म्हणवून घ्यायच्या वयाचाही नव्हतो.

कारण साधं आहे. एमबीआर ही १९८३ सालची पद्धत. सेक्टरचा नंबर लिहायला तिच्यात ३२ बिटांचीच जागा आहे. ५१२ बाइटचा एक सेक्टर, त्या हिशेबाने मोजणी २.२ लाख कोटी बाइटच्या आसपास संपते. विंडोजच्या मापात तेच २०४८ जीबी. आपल्याकडे पुनर्विकासात चाळीच्या जागी चाळीस मजली टॉवर उभा राहावा आणि तळमजल्यावरच्या नावांच्या फळ्यावर वीसच मजल्यांना जागा असावी, तसं आहे हे. वरची घरं बांधलेली आहेत, पण पोस्टमनच्या लेखी ती नाहीतच. जीपीटीत नंबराला ६४ बिट असतात. हा फळा आपल्या हयातीत काही भरत नाही.

आणि तो बायोसचा सल्ला? अर्धवट ज्ञान. जुन्या बायोसला जीपीटी डिस्कवरून विंडोज *सुरू* करता येत नाही, हे खरं. पण ही डिस्क नुसती साठवणीची आहे, मशीन सुरू होणार जुन्याच डिस्कवरून. साठवणीची जीपीटी डिस्क व्हिस्टापासून पुढचं प्रत्येक विंडोज बिनतक्रार वाचतं. ३२ बिटांच्या एक्सपीला ती वाचता येत नाही. तुमच्याकडे अजून एक्सपी चालू असेल तर तुमचा प्रश्न हार्ड डिस्कचा नाही.

चूक कळली तरी सुटका लगेच झाली नाही. 'कन्व्हर्ट टू जीपीटी'ही फिकट होतं, कारण डिस्क मॅनेजमेंटमध्ये हा बदल करायचा तर डिस्कवर एकही पार्टिशन असून चालत नाही. म्हणजे सगळं उचलून दुसरीकडे न्यायचं. मेव्हण्याची एक्स्टर्नल डिस्क मागून आणली. माझ्या मशीनला तेव्हा फक्त यूएसबी २ चे पोर्ट होते, सेकंदाला जेमतेम ३० एमबी. १.२ टीबी हलवायला अकरा तास, आणि परत आणायला पुन्हा तेवढेच. तोवर कुणी पंख्याचं म्हणून भलतंच बटण दाबू नये, यासाठी मी बोर्डाला कागद चिकटवून ठेवला होता.

याच खिडकीचा दुसरा धोका याहून मोठा आहे. कधी तुमची *जुनी*, भरलेली डिस्क लावल्यावरही विंडोज 'इनिशिअलाइझ करा' म्हणतं. केबल ढिली असेल, डिस्क दुसऱ्या डॉकमधून (डिस्क यूएसबीने जोडायचा खोका) काढली असेल किंवा आखणीचा तक्ता खराब झाला असेल. अशा वेळी ओके दाबायचं नाही. कॅन्सल करा, मशीन बंद करा, केबल बदला, ज्या डॉकमध्ये आधी चालत होती त्यातच लावून बघा. 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' असं विचारलं तरी उत्तर तेच. घाबरून ओके दाबलेली माणसं नंतर डेटा रिकव्हरीवाल्याकडे डिस्कच्या कितीतरी पट पैसे मोजतात.

डिस्क ओळखायची ती आकारावरून, 'डिस्क १', 'डिस्क २' या नंबरांवरून नाही. पोर्ट बदलला की नंबर बदलू शकतो. म्हणूनच 'डिस्कपार्ट उघडा आणि क्लीन टाइप करा' हा व्हिडिओवाल्यांचा लाडका उपाय मी कुणाला सांगत नाही. त्यात नंबर एकाने चुकला तर दुसऱ्याच, भरलेल्या डिस्कची आखणी पुसली जाऊ शकते, आणि 'नक्की का?' असं ते एकदाही विचारत नाही. नव्या डिस्कला त्याची गरजही नसते.

मध्येच 'डायनॅमिक डिस्क' करू का असं विचारलं तर नाही म्हणा.

फॉरमॅट

अनअलोकेटेड पट्टीवर उजवी क्लिक करा आणि 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' घ्या. सगळी जागा एकाच पार्टिशनला द्या. गाणी वेगळी, सिनेमे वेगळे, फोटो वेगळे असे चार तुकडे पाडायची जुन्या असेंबलवाल्यांची खोड होती. त्यात एक तुकडा तुडुंब भरतो आणि बाकीचे ओस पडतात. वेगळेपणासाठी फोल्डर आहेत.

फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, एनटीएफएस. एक्स्टर्नल असेल आणि मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो. एक्सफॅटची डिस्क मात्र 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय कधीही उपटू नका. फॅट ३२ विसरा, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. टीव्हीला लावायची असेल तर टीव्ही काय वाचतो ते आधी त्याच्या माहितीपत्रकात बघा. जुने टीव्ही जीपीटीलाही तोंड फिरवतात, आणि फक्त टीव्हीसाठीच घेतलेली छोटी डिस्क असेल तरच माझा वरचा नियम मोडा.

मग 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून टाका. हो, ४ टीबीला सात-आठ तास लागतील. रात्री लावा आणि झोपा. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज डिस्कच्या प्रत्येक कोपऱ्यात लिहून बघतं. डिस्क खराब निघायचीच असेल तर ती रिकामी असताना, बदलून देण्याची मुदत संपायच्या आत निघू दे.

फॉरमॅटच्या आधी आणि नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. आधी 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या डिस्कचे तास शून्याच्या आसपास हवेत. हजारांत असतील तर वापरलेली डिस्क नव्या पिशवीत घालून दिली आहे, सरळ परत करा. नंतर 'रीअलोकेटेड' (खराब निघून बदललेले) आणि 'पेंडिंग' (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टरचे आकडे बघा. नव्या डिस्कवर दोन्ही शून्यच हवेत. 'एक-दोन चालतात' म्हणणाऱ्या दुकानदाराला ते त्याच्या स्वतःच्या डिस्कवर चालवून घ्यायला सांगा.

सामान हलवणं

नव्या ड्राइव्हवर आधी फोल्डर करा, 'फोटो', 'डाउनलोड्स', जे काय हवं ते. मग जुन्या पिक्चर्स किंवा डाउनलोड्स फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह आणि नवा फोल्डर दाखवा. फोल्डर न करता थेट अख्खा ड्राइव्हच दाखवलात तर विंडोज संपूर्ण ड्राइव्हलाच 'डाउनलोड्स' समजायला लागतं आणि ते परत सोडवताना नाकी नऊ येतात. माझ्या चुलतभावाने हे दोनदा केलं आहे.

ज्या फाइल्स हाताने हलवाल त्या कट-पेस्ट करू नका, कॉपी करा. दहा-वीस फोटो आणि एखादा लांबलचक व्हिडिओ नव्या जागेवरून उघडून बघा. सी ड्राइव्हवरच्या मूळ फाइल्स आठवडाभर तशाच राहू द्या, मगच पुसा. आणि लग्नाचे, बारशाचे जे फोटो पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. माझी मेव्हण्याकडे असते. तेव्हा त्याच्याकडून मागून आणलेली डिस्क मात्र परत केलीच नाही, त्याला नवी घेऊन दिली.