डॉल्फिनच्या प्रजननावर सेमिनार आहे? मग एवढं तयार ठेव

विषय निवडलास तेव्हा पशुवैद्यकीच्या वर्गातले हसले असतील. नागपुरात बसून डॉल्फिन! म्हणून पहिली स्लाइड कायद्याचीच ठेव: मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने देशात डॉल्फिनेरियमला (डॉल्फिन पाळून लोकांना दाखवायच्या तळ्यांना) परवानगी न देण्याचं धोरण घेतलं. ते आधीच सांगितलंस की "मग शिकायचं कशाला" हा प्रश्न तुझ्या हातात राहतो.

कृत्रिम रेतनाकडे लगेच धावू नकोस. सगळे तिथूनच सुरुवात करतात. आधी नोंदवही दाखव: कोण कोणाचं पिल्लू, कोणाला कोणाशी जुळवायचं नाही. तळी थोडी, जनावरं थोडी, त्यामुळे चार पिढ्यांत सगळे नातलग होतात. गोठवलेलं वीर्य पाठवायचं ते याचसाठी. नर विमानाने हलवण्यापेक्षा ते सोपं.

गाभणकाळ साधारण बारा महिने, हा आकडा पाठ असू दे. प्रोजेस्टेरॉन हे गाभकाळाचं संप्रेरक रक्तात वाढलं म्हणजे मादी गाभण, असं मात्र बोलू नकोस. खोटा गाभ यांच्यातही असतो, सोनोग्राफी हवीच. त्यासाठी मादी स्वतःहून पोट वर करून थांबते, रक्तासाठी शेपटी पुढे करते. हे शिकवण्यातच खरी मेहनत आहे, आणि माझ्या मते सेमिनारचा गाभाही हाच. गोरेवाडा प्राणिसंग्रहालयातल्या वाघाचा विषय निघाला तर हाच धागा पकड. पिंजऱ्याच्या जाळीला टेकून रक्त देणारा वाघ म्हणजे तेच प्रशिक्षण.

विण्याची वेळ नीट मांड. आदल्या दिवसाच्या सुमारास मादीच्या शरीराचं तापमान जवळपास एक अंशाने उतरतं, म्हणून शेवटच्या आठवड्यांत ते रोज मोजतात. पिल्लू बहुतेकदा शेपटीकडून येतं; गायीत हे दिसलं की आपण बाह्या सरसावतो, इथे ते नेहमीचंच. नर आधीच वेगळे काढलेले हवेत. पिल्लाने पहिला श्वास घेतला की घड्याळ दूध पिण्यावर लावायचं, दर पिण्याची वेळ लिहायची.

खाद्यावर एकच स्लाइड पुरे. गोठवून ठेवलेल्या माशातलं बी-१ जीवनसत्त्व कमी होतं, ते गोळीने देतात.

व्हिडिओ पेनड्राइव्हवर घे, लिंकच्या भरवशावर राहू नकोस. आणि पाण्याची बाटली ने, एप्रिल आहे.