जुळ्यांचं बोलणं: मराठी-कन्नड घरात ते कसं वाढवावं, कसं टिपून ठेवावं

जुळी दीड वर्षाची झाली की घरी येणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले. 'बोलाय लागली काय?' आणि लगेच, 'आधी कोण बोललं?' पहिल्याचं उत्तर द्या, दुसऱ्याचं देऊ नका. एकदा का घरात 'ही बोलकी, तो घुमा' असं ठरलं की येणारा-जाणारा बोलकीशीच बोलतो, आणि घुम्याच्या कानावर पडणारे शब्द आणखी कमी होतात.

एकट्या मुलापेक्षा जुळ्यांना बोलायला थोडा उशीर होतो, हे खरं आहे. सरासरी फरक काही महिन्यांचा असतो आणि बहुतेक मुलं तो पुढे भरून काढतात. यामागे दोन मोठी कारणं. बरीच जुळी दिवस भरायच्या आत जन्मतात, वजनाला कमी भरतात. दुसरं म्हणजे आईचं तोंड एक आणि ऐकणारी मुलं दोन. दिवसभर ती बोलत असते, पण 'चला, जेवा, पडाल, उतरा' असं दोघांना मिळून. एकाच्या डोळ्यांत बघून, त्याच्या हातातल्या वस्तूबद्दल बोललेलं फार थोडं. म्हणून या लेखातलं मुख्य काम एकच समजा: रोज थोडा वेळ दोघांना वेगळं करायचं. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

आधी वय नीट मोजा

जन्म लवकर झाला असेल तर दोन वर्षांपर्यंत दुरुस्त वय धरतात. 40 आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले, तितके वयातून वजा करा. 32व्या आठवड्यात जन्मलेली जुळी कॅलेंडरवर 18 महिन्यांची असली तरी बोलण्याच्या हिशेबात 16 महिन्यांची. किती आठवड्यांत जन्म झाला हे तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी नोंदीचं कार्ड) नाहीतर दवाखान्याच्या डिस्चार्जच्या कागदावर बघा.

एकेकट्याशी बोला

यासाठी वेगळा वेळ काढायला कुणाच्याच घरी सवड नसते. तेव्हा जे काम करायचंच आहे, त्यातच वेळ शोधा. आंघोळ सगळ्यांत सोयीची. दोघांना एकदम टबात बसवलं की उरकतं लवकर, पण बोलणं होत नाही. एकाला आजीकडे द्या आणि एकालाच न्हाणीत न्या.

'हात दे. हा हात. आता दुसरा हात. पाणी गरम हाय?' इतकं साधं बोला आणि मग थांबा. हे थांबणंच जमत नाही, कारण आपल्याला गप्प बसवत नाही. तांब्या भरून वर धरा, ओतू नका, मनात पाचपर्यंत मोजा. मूल तांब्याकडे बघेल, मग तुमच्याकडे बघेल, 'पा' म्हणेल किंवा नुसता हात पुढे करेल. हात पुढे करणं हेही उत्तरच आहे. लगेच 'पाणी पायजे? घे पाणी' म्हणत ओता. ते 'पा' म्हणालं तर तुम्ही 'पाणी' म्हणा, ते 'पाणी' म्हणालं तर 'गरम पाणी' म्हणा. त्याच्यापेक्षा एकच शब्द पुढे राहायचं. 'आधी पाणी म्हण, मग देते' हा हट्ट मात्र नको. त्याने मूल बोलत नाही, रडतं.

बाजारालाही हीच रीत. बेळगावच्या गणपत गल्लीत भाजीला जाताना आज एकाला न्या, उद्या दुसऱ्याला. एकत्र कुटुंब असेल तर आजोबा, काका, आत्या यांना एकेक काम वाटून द्या: संध्याकाळी एकाला म्हशी दाखवायला नेणं, एकाला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक उलटणं. माणसं मात्र अधूनमधून बदला, नाहीतर 'हा आज्जाचा, ती आत्याची' अशी वाटणी होऊन बसते.

वडगाव, शहापूर, खासबागेत ज्यांच्या घरातच माग चालतो, त्यांनी हा वेळ मागाच्या खोलीपासून लांब काढावा. त्या खटखटाटात मोठ्यांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही. शब्दाचा शेवट लहान मुलाच्या कानापर्यंत पोचणं तर अवघडच. दिवसभर चालू राहिलेल्या टीव्हीलाही हेच लागू. मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय: पहिल्या वर्षात स्क्रीन अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही बसून बघणं टाळा, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला तासाच्या आत. दोन मुलं भरवायची असली की हा नियम किती कठीण जातो, ते ज्याचं त्याला माहीत. तरी निदान जेवताना मोबाईल बाजूला ठेवा. नाहीतर घासागणिक बोलण्याची ती वेळ वाया जाते.

दोघं एकत्र असताना आधी नाव घ्या, मग वाक्य. एकाला विचारलं आणि दुसरीनं उत्तर दिलं, हे दिवसातून कितीदा तरी होणार. तिला दटावू नका. 'तुझं कळलं, आता त्याला सांगू दे' म्हणा आणि त्याच्याकडे बघत थांबा. 'राम-लक्ष्मण' किंवा 'जुळ्यांनो' अशी जोडहाक कौतुकाची असली, तरी कमीच मारावी. आपलं नाव आपल्या एकट्याचं आहे हे मुलाला कळायला हवं. सारखे कपडे जत्रेपुरते ठेवा. रोजचे वेगळे असले की शेजारीपाजारीही नावाने हाक मारतात.

कन्नड बंद करू नका

आपल्याकडे आजी मराठी, शेजारची अक्का कन्नड, अंगणवाडीत कन्नड आणि टीव्हीवर हिंदी. मूल बोलायला उशीर करतंय म्हटल्यावर पहिला सल्ला हाच मिळतो की एक भाषा बंद करा, डोकं गोंधळतंय त्याचं. त्याला आधार नाही. दोन भाषा ऐकल्याने बोलायला उशीर होत नाही. ज्याला खरोखर अडचण आहे, त्याची ती एका भाषेतही दिसते. ज्याला जी भाषा सहज येते, ती त्याने बोलावी. आजीने नातवंडांशी ओढूनताणून कन्नड बोलण्यापेक्षा तिचं ठसक्यातलं मराठी त्यांना जास्त देऊन जाईल.

शब्द मोजताना दोन्ही भाषा मिळून मोजा. 12 शब्द मराठी आणि 9 कन्नड येत असतील तर त्या मुलाला 21 शब्द येतात. नुसते मराठी मोजून '12च' म्हणणं अन्याय. 'पाणी ब्याड' (पाणी नको) असं म्हणालं, तर ते दोन शब्दांचं वाक्यच धरायचं, भेसळ नव्हे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या तज्ज्ञाला खटकू शकते. बेळगाव-निपाणीच्या खेड्यांत बायकाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात. कन्नडमध्ये 'मी'बरोबरच्या क्रियापदाला लिंगभेद नसतोच. तेव्हा जुळ्यांतली मुलगी 'मी जातो' म्हणाली, तर तो दोष नाही. ती घरातलंच बोलते. भाऊ-बहीण असतील तर भावाच्या तोंडी 'मी येते'ही येईल. ऐका आणि सोडून द्या.

वही दोन्ही बाजूंनी लिहा

एक शंभर पानी वही घ्या. एकाचे शब्द पुढून लिहा, दुसऱ्याचे वही उलटी करून मागून. शेजारी-शेजारी रकाने आखले की नजर आपोआप बेरजा लावते, तेच टाळायचंय. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी.

एका ओळीत तारीख, मुलाने काढलेला आवाज जसाच्या तसा, आणि तेव्हा काय चाललं होतं ते. हा शेवटचा तपशील चुकवू नका. 'बा' म्हणजे बाबा, की शेजारच्या अक्काकडून उचललेलं कन्नड 'बा', म्हणजे ये? दाराकडे हात करून म्हणालं की बाप घरात आल्यावर, यावरूनच ते कळतं. शब्द कधी धरायचा? मूल तोच आवाज त्याच गोष्टीसाठी पुन्हापुन्हा, कुणी न म्हणवता काढू लागलं की. उच्चार चुकीचा चालेल. 'भूभू', 'हम्मा', 'माऊ' हेही शब्दच.

महिन्यातून एकदा दोघांचं वेगवेगळं दोन-दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवा. पुढे डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर आठवणीपेक्षा ते उपयोगी पडतं.

आपापसातली भाषा

दोघं कोपऱ्यात बसून काहीतरी बोलतात, हसतात, आणि आपल्याला अक्षर कळत नाही. याची 'गुप्त भाषा' म्हणून फार चर्चा होते. बहुतेक वेळा ते मोठ्यांचेच शब्द असतात, अर्धवट उच्चारलेले. एकाने चुकवलेला शब्द दुसऱ्याने उचलला आणि दोघांनाही तो समजला, मग सुधारायची गरज कुणाला? ते बंद पाडू नका, पण कौतुकाने तुम्हीही तसं बोलू नका. तुम्ही पूर्ण शब्दच वापरा. मुलं इतरांशी बोलू लागली की हे सहसा मागे पडतं.

केव्हा दाखवावं

वर्षाचं होईपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही; 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही; दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही; नावाने हाक मारली तर बघत नाही; किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात गेले. यातलं एक जरी असेल तर 'आमच्यात सगळेच उशिरा बोलले' म्हणून वर्ष काढू नका. जुळी आहेत, मुलगा आहे, दोन भाषा आहेत, ही कारणं इथे पुरेशी नाहीत. वेखंड उगाळून मधातून जिभेला लावण्याची रीत आपल्याकडे आहे. तिच्या भरवशावर थांबू नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात देऊ नका.

आधी बालरोगतज्ज्ञ, आणि लगोलग कानांची तपासणी. घरात हाकेला वळतं म्हणून ऐकू येतं असं धरू नका. जुळ्यांत तर एक वळलं की दुसरं त्याचं बघून वळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत येतं; ते कधी येणार हे सेविकेला विचारून ठेवा. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था याच कामासाठी आहे. निपाणीच्या बाजूच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं.

स्पीच थेरपिस्टना पहिल्याच भेटीत सांगा की घरात मराठी आणि बाहेर कन्नड, आणि वही समोर ठेवा. तपासणी नुसत्या कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत झाली, तर मुलाला येणारे निम्मे शब्द तिथे दिसणारच नाहीत. वेळ घेताना दोघांसाठी वेगवेगळी मागा, आणि एक आत असताना दुसऱ्याला सांभाळायला घरचं माणूस बरोबर न्या.