प्रागला जाताय? घड्याळ ते पूल या वाटेवरच्या या चुका टाळा

प्रागमध्ये पैसे जातात आणि वेळ वाया जातो तो बहुतेक एकाच पट्ट्यात. जुन्या शहराच्या चौकातल्या घड्याळापासून व्लतावा नदीवरच्या चार्ल्स ब्रिजपर्यंत चालत जेमतेम दहा मिनिटांची वाट आहे, आणि दीड दिवसात प्राग उरकायला आलेली माणसं तेवढ्यातच गोल गोल फिरत राहतात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. दुसऱ्यांदा आई-बाबा आणि काका बरोबर होते, त्यामुळे चुका तर झाल्याच, पण त्या निस्तरायलाही शिकले.

सगळ्यात महागात पडते ती पैसे बदलताना होणारी चूक. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, पण चलन युरो नाही, कोरुना आहे. चौकातली बरीच दुकानं युरो घेतात, पण दर त्यांच्या मर्जीचा. मग आपण पैसे बदलायला जातो आणि ‘०% कमिशन’ अशी पाटी दिसते. पाटी खरी असते, कमिशन नसतंच. मेख असते दरात. मोठ्या अक्षरांत लिहिलेला चांगला दर बहुधा त्यांच्या विक्रीचा असतो. तुमचे युरो ते ज्या दराने घेणार तो बारीक अक्षरांत कुठेतरी कोपऱ्यात. मी शंभर युरो काचेखालून सरकवले, नोटा मोजून बाहेर आले आणि फुटपाथवर फोनमध्ये हिशोब केला तेव्हा पोटात गोळा आला.

अशी फसगत झालीच तर पावती फाडू नका. २०१९ पासून तिथे कायदा आहे की एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, कोणतंही कारण न देता रद्द करता येतो. मी परत गेले, पावती आणि सगळ्या नोटा समोर ठेवल्या. काउंटरवरच्या माणसाने तोंड वाकडं केलं, पण युरो परत दिले. बदलण्याआधी मात्र एक प्रश्न विचाराच: ‘शंभर युरोचे हातात किती कोरुना पडतील?’ आकडा ऐका, फोनवर त्या दिवशीचा दर पाहा आणि मगच खिशात हात घाला.

रस्त्यात गाठून ‘चांगला दर देतो’ म्हणणाऱ्याकडे वळूनही पाहू नका. तो हातात कोंबतो त्या नोटा कधी जुन्या बेलारुसी रुबलच्या असतात, कधी हंगेरीच्या फोरिंटच्या. खऱ्या शंभराच्या नोटेवर राजा चौथा चार्ल्स आहे, ज्याच्या काळात हा पूल बांधायला घेतला तोच. नोटेवर ‘कोरुन’ हा शब्दही असतो. एटीएम किंवा कार्डाचं मशीन ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं विचारेल, तेव्हा नाही म्हणा. रक्कम कोरुनातच जाऊ द्या, रूपांतर आपल्या बँकेला करू दे.

काकांची चूक वेगळीच. त्यांनी मेट्रोचं तिकीट काढलं आणि ते मळू नये म्हणून पासपोर्टच्या पाकिटात जपून ठेवलं. प्रागच्या मेट्रोला आपल्यासारखी फाटकं नाहीत. सरकत्या जिन्याच्या अलीकडे एक पिवळी पेटी असते, तिच्यात कागदी तिकीट घालून तारीख-वेळेचा शिक्का उमटवायचा. शिक्का नसेल तर कोरं तिकीट म्हणजे बिनतिकीट. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि बिल्ला दाखवतात. काका मराठीतून तावातावाने तिकीट दाखवत राहिले, दंड काही टळला नाही. तो जागेवर भरला तर कमी पडतो आणि पावती मिळते. पावती न देता पैसे मागणाऱ्याला मात्र एक कोरुनाही देऊ नका. शिक्का एकदाच मारायचा. गाडी बदलली म्हणून पुन्हा मारलात तर तिकीट बाद. ट्राममधल्या मशीनवर कार्ड टेकवून घेतलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही, ते तेव्हापासूनच चालू होतं. फोनवरच्या ॲपमधलं तिकीट मात्र घेतल्या क्षणी लागू होत नाही, थोडा वेळ जातो. म्हणून ते गाडीत चढून नाही, आधीच चालू करा.

विमानतळावरून टॅक्सीची घाई नको. ५९ नंबरची ट्रॉलीबस वेलेस्लावीनला सोडते, तिथून मेट्रोची ‘ए’ लाइन थेट जुन्या शहरात जाते. सामान जास्त असेल तर ॲपवरून गाडी बोलवा, पण चौकात उभ्या टॅक्सीवाल्याला हात करू नका.

आता ते घड्याळ. १४१० सालचं यंत्र अजून चालतं, पण लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. तासाला दहा मिनिटं राहिली की चौकात माना वर करून गर्दी उभी. सांगाडा घंटा ओढतो, दोन झरोक्यांतून बारा प्रेषित सरकतात, कोंबडा आरवतो आणि मिनिटाच्या आत खेळ खलास. ‘एवढंच?’ असा सूर सगळ्या भाषांत ऐकू येतो. खिसेकापूंना हीच घटका सोयीची, कारण सगळ्यांचे डोळे वर आणि हात फोनवर असतात. सॅक पोटावर घ्या. गर्दी नको असेल तर सकाळी नऊचा खेळ गाठा, तो दिवसातला पहिला.

खरी गंमत तबकडीत आहे, आणि ती आपल्याला इतरांपेक्षा चटकन कळावी. तिच्यावर राशिचक्र फिरतं आणि सूर्य-चंद्र कोणत्या राशीत आहेत ते दिसतं. बाबांनी दिनदर्शिकेशी ताडून पाहिलं आणि घड्याळ चुकलंय असं जाहीर केलं. जूनअखेर आपल्याकडे सूर्य मिथुनेत, तिथे कर्केत. घड्याळ चुकलेलं नाही. ते सायन आहे, म्हणजे राशी वसंत संपातापासून मोजतं; आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजणारं, मधला फरक चोवीस अंशांच्या आसपास. बाहेरच्या कड्यावरचे जुने आकडे सूर्यास्तापासून तास मोजतात, जशी आपण सूर्योदयापासून घटका मोजत होतो. खेळ संपला, गर्दी पांगली की मग समोर दहा मिनिटं उभं राहा.

पुलाची चूक वेळेची. १३५७ मध्ये पायाभरणी झालेला हा सुमारे अर्ध्या किलोमीटरचा पूल अकरा वाजता पाहायला जाणं म्हणजे गर्दीच्या वेळी दादर स्टेशन पाहायला जाणं. सकाळी सहा-साडेसहाला जा. जुन्या शहराच्या बाजूने चढलात तर सूर्य पाठीशी असतो आणि पलीकडच्या टेकडीवरच्या किल्ल्यावर उजेड पडलेला असतो. संध्याकाळी तोच किल्ला फोटोत काळा ठिपका होतो. आणि पुलावर उभं राहून पुलाचा फोटो येत नाही, हे सांगायला नको, पण मी दोन खेपा तेच केलं. त्यासाठी शेजारच्या मानेस पुलावर जा, नाहीतर लेत्नाच्या टेकडीवर. तिथून एकामागे एक पूल रांगेत दिसतात.

शनिवार-रविवार धरून जाणाऱ्यांसाठी एक जागा हमखास चुकते. ज्यू वस्तीतली संग्रहालयं, सिनेगॉग आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद. किल्ल्यातलं सेंट व्हीटस कॅथीड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद, दुपारी उघडतं. म्हणून शनिवारी किल्ला, रविवारी ज्यू वस्ती. आम्ही नेमकं उलटं केलं आणि दोन्हीकडे बंद दारं पाहिली. किल्ल्याला खालून पायऱ्यांनी चढायचा हट्ट नको, त्यातून बरोबर वडीलधारे असतील तर नाहीच. २२ नंबरची ट्राम वर सोडते, उतरताना पायऱ्या घ्या. दरवाजावर सुरक्षा तपासणी होऊ शकते, सुरा-चाकू तर सोडाच, मोठी बॅगसुद्धा नेऊ नका.

शाकाहाऱ्यांनी एक चेक शब्द घोटून ठेवावा: ‘बेझ मासा’. आई दचकलीच, ‘मासा कशाला?’ चेकमध्ये ‘मासो’ म्हणजे मांस, आणि हा शब्द आपल्या ‘मांस’चाच दूरचा भाऊबंद, ‘बेझ मासा’ म्हणजे बिनमांसाचं. तरी एवढ्याने भागत नाही. बटाट्याच्या सूपला मांसाचा रस्सा असू शकतो, ‘ब्रांबोराक’ नावाचं बटाट्याचं धिरडं चरबीत तळलेलं असू शकतं. ‘स्माझेनी सीर’, म्हणजे तळलेलं चीज, सगळीकडे मिळतं, पण आवरणात अंडं असतं. चौकातल्या ठेल्यांवर पाटीवरची किंमत बऱ्याचदा १०० ग्रॅमची असते. बोट दाखवलंत की तुकडा कापला जातो तो अर्धा किलोचा, मग वाद घालून उपयोग नाही. आधी वजन सांगा. दुपारी अकरा ते दोनच्या सुमारास मागच्या गल्ल्यांत ‘देन्नी मेनू’ची, म्हणजे त्या दिवसाच्या ठरावीक जेवणाची पाटी शोधा, चौकातल्यापेक्षा कितीतरी स्वस्तात पोट भरतं. जागोजागी ‘जुनं चेक पक्वान्न’ म्हणून विकलं जाणारं गोल त्रदेल्निक खुशाल खा, पण ते प्रागचं जुनं काही नाही. त्याचं नाव जोडलंय ते स्लोव्हाकियातल्या स्कालित्साशी.

पायांत काय घालताय तेही पाहा. रस्ते दगडी ठोकळ्यांचे, पावसात निसरडे, आणि बॅगेची चाकं दोन दिवसांत राम म्हणतात. आईची चप्पल तुटली तेव्हा आम्ही वात्स्लाव चौकातल्या बाटाच्या १९२९ पासूनच्या दुकानात शिरलो. बाटा मूळचं झ्लीन गावचं, १८९४ पासूनचं. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, जिथे जास्त रात्री मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा. तारीख लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज केलात तर तो नाकारला जाऊ शकतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. प्रागहून रेल्वेने व्हिएन्ना चार तासांवर आहे, पण ‘इथेच तर जातोय’ म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवू नका, गाडीत तपासणी होऊ शकते.

पाकीट किंवा पासपोर्ट गेलाच तर आधी कार्ड बंद करा, मग पोलीस (१५८, किंवा इंग्रजीसाठी ११२) आणि लेखी अहवाल. तो विम्यालाही लागतो आणि भारतीय दूतावासालाही. दूतावास प्रागमध्येच आहे. हे सगळं उरकून संध्याकाळ हातात राहिली तर पुन्हा पुलाकडे नको. मेट्रोच्या ‘सी’ लाइनने विशेहराद हा जुना किल्ला गाठा. तटबंदीवरून नदीचं वळण दिसतं, मागच्या स्मशानभूमीत द्वोर्झाक आणि स्मेताना हे चेक संगीतकार आहेत, आणि बाकावर जागा मिळते.